उभ्या गाडीचे किलोमीटर

गव्हाण फाट्यावरून जासईकडे निघालं की कंटेनरचे ट्रेलर सोबतीला येतात. काही बंदराकडे निघालेले, काही बंदरातून सुटलेले. कोंडी झाली की या धुडांच्या मध्ये सापडलेली घरची छोटी गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा दहा फूट सरकते. काचा वर, एसी चालू, मागे पोरं पेंगलेली. तासाभराने घर येतं तेव्हा किलोमीटरच्या आकड्यात जेमतेम चार-पाचाची भर पडलेली असते. मालक मनाशी म्हणतो, वेळ गेला खरा, पण गाडी काही फार झिजली नाही.

ही समजूत तपासायला पाढे पुरतात. आजच्या १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीचं इंजिन उभ्या जागी, म्हणजे आयडलिंगला, मिनिटाला साधारण ७५० फेरे घेतं. तासाचे झाले ४५,०००. आता हीच गाडी चिर्ल्याहून अटल सेतूवर चढली आणि ताशी १०० किलोमीटरने शिवडीला उतरली, तर २१.८ किलोमीटरला तेरा मिनिटं लागतात. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारांच्या आसपास असतात. तेर त्रिक एकोणचाळीस, म्हणजे ३९,००० फेरे. कोंडीत तासभर उभ्या राहिलेल्या इंजिनाने अख्खी खाडी ओलांडण्याएवढे फेरे घेतले, वर सहा हजार जास्तच. किलोमीटरच्या आकड्यात त्यातलं काहीच उमटलं नाही, कारण तो आकडा चाकांचा असतो, इंजिनाचा नसतो.

जासई हे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं गाव म्हणून आणि जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे. १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये चिर्ल्यापाशी अटल सेतू जमिनीला टेकला, ऑक्टोबर २०२५ मध्ये पलीकडच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. भातशेती आणि मिठागरांच्या या पट्ट्यात गाडी आता चैनीची राहिलेली नाही. पण इथल्या गाडीचं आयुष्य कंपनीच्या माहितीपुस्तकातल्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर जात नाही. ते जातं कोंडीत, धुळीत, दमट खाऱ्या हवेत आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत. आयडलिंगला इंजिनावर भार कमी असतो, त्यामुळे दर फेऱ्याला होणारी झीज सारखीच धरता येणार नाही. तरीही उभी गाडी इंजिनाला का जड जाते, हे कळायचं तर बॉनेटखाली काय चालतं ते आधी पाहायला हवं.

ओढ, दाब, भडका, फेक

इंजिन म्हणजे नळकांड्यात खाली-वर होणारा दट्ट्या. नळकांडं म्हणजे सिलिंडर, दट्ट्या म्हणजे पिस्टन. सध्याच्या एका प्रचलित १.२ लिटर इंजिनात सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची खाली-वर धाव ७१.५ मिलिमीटर असते. त्यातून एका सिलिंडरची जागा येते २९९ घन सेंटिमीटर, आणि अशा चार सिलिंडरची मिळून ११९७. गाडीच्या कागदावरचे 'सीसी' ते हेच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेल्या प्रीमियर पद्मिनीत चार सिलिंडरचे १०८९ सीसी होते, तर मारुती ८०० मध्ये तीन सिलिंडरचे ७९६. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून उतरलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी आणि आज शोरूममध्ये उभी असलेली पेट्रोल गाडी यांच्या इंजिनाचं मूळ तत्त्व एकच आहे. निकोलाउस ओटो या जर्मन माणसाने ते १८७६ मध्ये चालवून दाखवलं.

पिस्टन खाली येतो आणि हवा-पेट्रोल आत ओढलं जातं, ही झाली ओढ. तो वर जातो आणि ते मिश्रण सुमारे एक दशांश जागेत दाबलं जातं, हा दाब. ऐन वेळी स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि तापलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो, हा भडका. पिस्टन पुन्हा वर येतो आणि जळलेला धूर बाहेर टाकतो, ही फेक. चारातला एकच टप्पा कमाईचा. बाकीचे तीन त्या कमाईवर जगतात. गावच्या भाताच्या गिरणीवरचं जुनं एका सिलिंडरचं ऑइल इंजिन आठवा. त्याची टुकटुक सुटी सुटी ऐकू यायची, आणि दोन भडक्यांमधला वेळ त्याचं जाडजूड चाक स्वतःच्या वजनाने निभावून न्यायचं. गाडीत चार सिलिंडर पाळीपाळीने पेटतात, म्हणून टुकटुकीची घरघर होते. उभ्या गाडीतसुद्धा सेकंदाला पंचवीस भडके होत असतात.

पिस्टनची खाली-वर धाव क्रँकशाफ्टवर गोल फिरण्यात बदलते, जशी शिलाई मशीनच्या पायट्याची हालचाल चाकात बदलते. हवा कधी आत घ्यायची, धूर कधी सोडायचा, हे झडपा ठरवतात आणि झडपांना ताल देते टायमिंगची साखळी किंवा पट्टा. साखळी तेल वेळेवर मिळालं तर सहसा इंजिनाबरोबर म्हातारी होते. रबरी पट्टा मात्र काहीही न सांगता तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो. म्हणून आपल्या गाडीत साखळी आहे की पट्टा, हे मालकाला माहीत हवं. पट्ट्याची मुदत किलोमीटर किंवा वर्षं यांपैकी जी आधी संपेल ती धरायची.

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तीच गोष्ट तिथे टोकाला नेलेली असते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या तापानेच डिझेल पेट घेतं. पुण्याजवळ रांजणगावला बनणारं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन एके काळी निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत इतकं बसायचं, की त्याला देशाचं इंजिन म्हणत.

उष्णतेचा बोजा

भडक्याच्या क्षणी सिलिंडरमधलं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचाच असतो. तरी तो टिकतो, कारण भडका क्षणभराचा असतो आणि ताप सतत काढून नेला जात असतो. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेल्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे जाते, बरीचशी पाणी आणि तेल उचलतात. म्हणजे आपण भरलेल्या दर १०० रुपयांपैकी ६५ ते ७५ रुपये हवा तापवण्यात जातात. इंजिनाची देखभाल म्हणजे मुख्यतः या नको असलेल्या उष्णतेची विल्हेवाट.

इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून कूलंट फिरतं आणि रेडिएटरमध्ये येऊन गार होतं. ही सगळी व्यवस्था प्रेशर कुकरसारखी बंद असते. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, तसंच रेडिएटरच्या झाकणाखालचं कूलंट सव्वाशे अंशांच्या आसपासही द्रव राहतं. वाफ न गेलेला कुकर आपण उघडत नाही. तापलेल्या गाडीचं झाकणही त्याच कारणासाठी उघडायचं नाही, अंगावर उकळता फवारा येतो.

कोकणात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, साधं पाणी घातलं तर काय बिघडतं, असं अनेक जण म्हणतात. पाणी गोठू न देणं हे कूलंटचं इथे बिनकामाचं काम आहे. उकळबिंदू वाढवणं आणि आतला धातू गंजू न देणं ही दोन कामं इथे मोलाची. खाडीकाठच्या बोअरचं पाणी खारट आणि जड. किटलीच्या बुडाशी जसा पांढरा थर धरतो तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. तयार मिळणारं कूलंट तसंच घालावं. घट्ट मिळालं तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावं.

आता उभ्या गाडीकडे येऊ. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा फुकट मिळतो. कोंडीत तो मिळत नाही. पुढच्या ट्रेलरची गरम धग, वर एसीच्या जाळीचा ताप, आणि सगळी भिस्त एका विजेच्या पंख्यावर. तो पंखा किंवा त्याचा रिले बिघडला तर मोकळ्या रस्त्यावर काही कळत नाही, कोंडीत मात्र दहा मिनिटांत तापमानाचा दिवा लाल होतो. अशा वेळी एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा, कारण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, आणि जागा मिळताच कडेला घेऊन इंजिन बंद करावं. अर्धा-पाऊण तास थांबावं. घर जवळ आलं म्हणून तापलेली गाडी रेटली, तर सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं, आणि पाचशेच्या पंख्याच्या रिलेपायी इंजिन उतरवायची वेळ येते.

तेलाची दांडी

इंजिनात धातू धातूला टेकला की संपलं. दोघांमध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असतो, आणि तो पंपाने दिलेल्या दाबावर टिकतो. आयडलिंगला पंपही सावकाश फिरतो, म्हणून दाब कमी असतो. शिवाय तेल गरम होऊन पातळ झालेलं असतं. उभी गाडी जड जाते ती इथे.

डब्यावरच्या '५डब्ल्यू-३०' यातला डब्ल्यू हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचा. पहिला आकडा थंडीत तेल किती लवकर वाहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती दाट राहतं ते. आपल्याकडे ऊन फार म्हणून जास्त दाट तेल बरं, असा सल्ला हमखास मिळतो. पण नव्या इंजिनातल्या फटी बारीक असतात. दाट तेल सकाळी पहिल्या सेल्फला वरपर्यंत पोहोचायला वेळ लावतं, आणि झिजेचा मोठा वाटा त्याच पहिल्या क्षणांत असतो. पुस्तकात लिहिलंय तेच तेल घालावं.

तेल काळं झालं म्हणजे खराब झालं असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. खरा शत्रू वेगळा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडतात ते हेच पाणी. यातला थोडा अंश, न जळलेल्या पेट्रोलसह, पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली तेलात उतरतो. गाडी पंधरा-वीस मिनिटं नीट धावली की तेल तापतं आणि हे पाणी उडून जातं. पण शाळेपर्यंत दीड किलोमीटर, बाजारापर्यंत दोन, अशा फेऱ्यांत तेल कोमट होतं न होतं तोच गाडी बंद. पाणी आत साठत जातं आणि तेलाचा चिखल होऊ लागतो. म्हणून घरगुती गाडीला आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची मोकळी धाव द्यावी. पेणच्या बाजूला जा, नाहीतर टोल परवडत असेल तर सेतूवरून जा.

तेल पाहायची पद्धत सोपी. सपाट जागा, बंद करून पाचेक मिनिटं झालेलं इंजिन, दांडी पुसून पुन्हा घालायची आणि काढायची. थर दोन खुणांच्या मध्ये हवा. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल हेही वाईटच, कारण फिरता क्रँक त्याला घुसळून फेस करतो आणि फेसाला धड दाब नसतो. दांडीवर ताकासारखा पांढरट थर दिसला तर तेलात पाणी मिसळतंय, आणि कूलंटही कमी होत असेल तर गाडी लगेच दाखवायची. दिसण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे धूर. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, गाडी गरम झाल्यावरही राहणारा दाट पांढरा म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये येतंय.

दहा खोल्यांची हवा

पेट्रोल जळायला त्याच्या वजनाच्या जवळपास पंधरापट हवा लागते. लिटरमागे ती भरते नऊ हजार लिटरच्या आसपास. ३७ लिटरची टाकी एकदा रिकामी होईतो इंजिनाने दहा बाय बारा फुटांच्या जवळपास दहा खोल्यांतली हवा ओढलेली असते. ही हवा कुठली? विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, भराव पडले, आणि मातीचे डंपर अजून फिरतातच. हवेतले खडीचे कण सिलिंडरमध्ये गेले तर पॉलिश पेपरचं काम करतात. ते अडवायला कागदाची एकच घडी असते, एअर फिल्टर. तो दर काही महिन्यांनी काढून उजेडात धरावा. उजेड आरपार दिसला नाही तर बदलावा. फिल्टर साफ करायला जोराची हवा मारली तर कागदाला न दिसणारी भोकं पडतात.

पद्मिनीच्या काळात हवा-पेट्रोलचं प्रमाण कार्ब्युरेटर ठरवायचा आणि थंडीत चालक चोक ओढायचा. आता सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनाचा संगणक पेट्रोलची मात्रा त्यानुसार बदलत राहतो. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा म्हणजे या संगणकाची तक्रार. दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत गाडी दाखवावी. लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर 'मिस' मारतोय आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तिथेच वेग कमी करायचा आणि जवळचं गॅरेज गाठायचं.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. लिटरला लिटर तोललं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी उष्णता असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरलं तर तो लगेच मेकॅनिकचा दोष मानू नये. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये. जुन्या गाडीतले रबरी पाइप मात्र तपासून घ्यावेत. सीएनजीची गाडी असेल तर रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवावं, नाहीतर पेट्रोलची यंत्रणा गंजते. गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची दाबचाचणी चुकवू नये.

पावसाळा आणि उंदीर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतर कितीतरी गाड्यांची इंजिनं उतरली. सगळी पाण्याने बिघडली नव्हती. अनेक बिघडली ती पाणी ओसरल्यावर मारलेल्या सेल्फने. पिस्टन वर येताना हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं, तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायचीच नाही. ढकलून बाहेर काढायची आणि टो करून न्यायची. विमा घेताना इंजिनाचं जादा संरक्षण आहे का ते आधीच पाहून ठेवायचं, कारण साध्या पॉलिसीत अशा नुकसानीवर बहुधा बोट ठेवलं जातं.

पावसात शेताच्या कडेला उभ्या गाडीला दुसरा पाहुणा असतो. बिळात पाणी शिरलं की उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात, आणि बॉनेटखाली दोन्ही मिळतं. कुरतडलेली एक वायर सगळी गाडी बंद पाडते. गाडी रोज सुरू करणं आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहणं, याहून हमखास उपाय नाही.

काटा आणि घड्याळ

पुस्तकात लिहिलेलं असतं, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पुढे बारीक अक्षरात असतं, खडतर वापर असल्यास मुदत कमी करावी. धूळ, सततची कोंडी, लहान फेऱ्या, हे सगळं त्या खडतर वापरात मोडतं. आपली गाडी त्यात बसते का, हे ठरवायला एक आकडा पुरतो. बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर सरासरी वेग दिसतो. तो ताशी ५० असेल तर १०,००० किलोमीटरला इंजिन २०० तास चाललं. तो २० असेल तर तेवढ्याच किलोमीटरला ५०० तास. तेल त्याच डब्यातलं, आकडा तोच, पण काम अडीचपट. सरासरी विशीच्या आसपास असेल तर तेल पाच हजारांवर किंवा सहा महिन्यांनी बदलायला हवं.

यात नवं काही नाही. या पट्ट्यात जेसीबी, पोकलेन, ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्या कोणालाही विचारा, मशीन किती चाललं? तो किलोमीटर सांगणार नाही, तास सांगेल. त्याच्या मशीनला तासांचा मीटर असतो, भाडं तासावर असतं आणि तेलही तासावर बदललं जातं. खणणारं यंत्र जागेवर उभं राहून काम करतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. त्याच्याच अंगणात शेजारी उभी असलेली घरची गाडीही कोंडीत तेच करत असते. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी विचारलं, गाडी किती चालली, तर किलोमीटर सांगा आणि सरासरी वेगही सांगा. दोन्ही आकडे ऐकून जो दांडी काढून पाहील, त्याच्या हाती गाडी द्यायला हरकत नाही.